चिचुंद्रीच्या फुप्फुसात विषाणू शोधताना : संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवर काम करण्याची पद्धत

तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे १९६४ साली एका चिचुंद्रीतून विषाणू वेगळा करण्यात आला. त्याला तिथल्याच वस्तीचं नाव मिळालं : थोट्टापलायम. मूळ वाणाचा क्रमांक व्हीआरसी-६६४१२. यातलं व्हीआरसी म्हणजे पुण्याचं तेव्हाचं व्हायरस रिसर्च सेंटर, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. तो हंताविषाणू (उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांत राहणाऱ्या, कधी माणसालाही आजारी पाडणाऱ्या विषाणूंच्या गटातला) आहे हे मात्र खूप उशिरा कळलं, कारण ज्याच्यावरून या गटाचं नाव पडलं तो कोरियातला हंतान विषाणू १९७८ साली जगापुढे आला. तोवर आपला विषाणू क्रमांक लावून पडून होता.

हंताविषाणू उंदरांचेच, ही समजूत पुढे मोडली ती बव्हंशी संग्रहालयांतल्या फ्रीजरांनी. २००७ नंतरच्या काही वर्षांत हवाई विद्यापीठातल्या रिचर्ड यानागिहारा यांच्या गटाने आणि इतरांनी चिचुंद्र्या, मोल (जमिनीखाली राहणारे छोटे कीटकभक्षी प्राणी) आणि वटवाघळं यांच्या जपून ठेवलेल्या ऊतींमधून एकामागून एक नवे हंताविषाणू काढले. युरोपीय मोलमधला नोव्हा विषाणू हंगेरीत १९९९ साली गोळा केलेल्या प्राण्यांच्या यकृतात सापडला आणि त्याची ओळख २००९ साली झाली. ते यकृत विषाणूसाठी कुणी ठेवलंच नव्हतं.

तोच मार्ग इथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. उदाहरण म्हणून हंताविषाणू आणि कीटकभक्षी छोटे सस्तन प्राणी घेतले आहेत. इतर आरएनए विषाणूंसाठी (ज्यांची जनुकं डीएनएऐवजी आरएनएची असतात) प्रायमर, म्हणजे विषाणूचा नेमका भाग पकडणाऱ्या छोट्या कृत्रिम अक्षरमाळा, आणि अवयव बदलतात, बाकी रीत तीच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे काम निम्मं प्रयोगशाळेत होतं आणि निम्मं संग्रहालयाच्या नोंदवहीत. नोंदवही कच्ची असेल तर पुढचं सीक्वेन्सिंग, म्हणजे जनुकीय अक्षरांचा क्रम वाचणं, कितीही महागडं असलं तरी हाती येते ती एक निनावी अक्षरमाळ.

आधी बरणीचा इतिहास काढा

नमुन्याच्या वयापेक्षा तो कसा टिकवला याला जास्त किंमत आहे. चाळीस वर्षं द्रव नायट्रोजनमध्ये राहिलेलं फुप्फुस हे दोन दिवस फॉर्मलिनमध्ये बुडालेल्या फुप्फुसापेक्षा कितीतरी सरस. म्हणून यादी हाती आली की प्रत्येक नमुन्यापुढे चार प्रश्न लिहा : मेल्यापासून किती वेळाने ऊती काढल्या, कशात ठेवल्या, द्रव कधी बदलला, आणि फ्रीजर कधी बंद पडला होता का. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. प्रत्येक जुन्या संग्रहात असा एखादा उन्हाळा असतोच.

उणे ८० अंशांत किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या ऊती सगळ्यात उत्तम. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या म्युझियम ऑफ साउथवेस्टर्न बायॉलॉजीत अशा गोठवलेल्या ऊती होत्या, म्हणूनच १९९३ साली अमेरिकेच्या फोर कॉर्नर्स भागात श्वसनाच्या आजाराने धडधाकट तरुण दगावू लागले तेव्हा त्यामागचा हंताविषाणू नवा नाही, डिअर माऊस या तिथल्या रानउंदरात तो आधीपासून आहे, हे जुने नमुने तपासून दाखवता आलं.

आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवातल्या ऊती जवळपास तितक्याच चांगल्या, पण तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर द्रव आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग सडतो. असा तुकडा आला तर बाहेरच्या कडेचंच मांस घ्या.

९५ टक्के इथेनॉलमधल्या ऊतींना लोक उगाच नाकारतात. कोत दिव्वारमध्ये (आयव्हरी कोस्ट) एका छोट्या वटवाघळाच्या इथेनॉलमधल्या यकृतातून २०१२ साली मुयास्सुए नावाचा हंताविषाणू मिळाला. इथेनॉलमध्ये आरएनए तुटतं, पण संपत नाही; तीन-चारशे बेसचे, म्हणजे तितक्या जनुकीय अक्षरांचे, तुकडे बरेचदा हाती लागतात.

७० टक्के अल्कोहोलच्या बरणीत अख्खा प्राणी दिसला तर तो आधी फॉर्मलिनमध्ये होता असंच धरून चाला. सांधे वळत नसतील, मांस राखाडी आणि रबरासारखं असेल तर शंका उरत नाही. फॉर्मलिन आरएनएला प्रथिनांशी घट्ट बांधून टाकतं. तरीही दार पूर्ण बंद नाही : बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयाच्या वैद्यकीय इतिहास संग्रहालयात १९१२ सालचं गोवराने दगावलेल्या मुलीचं फुप्फुस फॉर्मलिनमध्ये होतं, त्यातून गोवराच्या विषाणूचा जीनोम २०२० साली प्रसिद्ध झाला. पण ते एका फुप्फुसावर केलेलं मन लावून काम होतं, शंभर नमुन्यांची चाळणी नव्हे.

सुकवलेली कातडी आणि कवट्या आरएनए विषाणूंसाठी सोडून द्या. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १९११ ते १९२३ या काळात केलेल्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाचा संग्रह मोलाचा आहे, पण तो मुख्यतः कातडी-कवट्यांचा. असा संग्रह डीएनए विषाणूंसाठी आणि जीनोममध्ये घुसून बसणाऱ्या रेट्रोविषाणूंसाठी कामाचा. ऑस्ट्रेलियातल्या कोआलाचा रेट्रोविषाणू एकोणिसाव्या शतकातल्या कातड्यांमधून असाच शोधला गेला. जुनी कातडी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क हवाच, कारण तेव्हा कातडी आर्सेनिकच्या साबणाने माखत असत.

कोणता अवयव, किती प्राणी

हंताविषाणूसाठी पहिली पसंती फुप्फुस, मग मूत्रपिंड, मग यकृत. अडचण अशी की जुन्या संग्रहांत बहुधा यकृतच असतं, कारण ते नमुने प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या अभ्यासासाठी घेतलेले. एकाच ट्यूबमध्ये हृदय, यकृत, मूत्रपिंड कोंबलेलंही सापडेल. त्यातून तपकिरी-लाल, घट्ट, घेवड्याच्या आकाराचं मूत्रपिंड ओळखून वेगळं काढता येतं. कोरोनाविषाणू किंवा अ‍ॅस्ट्रोविषाणू शोधायचे असतील तर आतडं हवं, आणि ते जुन्या संग्रहांत क्वचितच जपलेलं असतं.

आता आकडा. एखाद्या ठिकाणच्या चिचुंद्र्यांपैकी १० टक्क्यांत विषाणू असेल, तर निदान एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री मिळायला २९ नमुने लागतात. ५ टक्क्यांत असेल तर ५९. २ टक्क्यांत असेल तर १४९. हा हिशेब चाचणी कधीच चुकत नाही असं धरून आहे. जुन्या ऊतींमुळे निम्मे बाधित नमुने हुकत असतील, तर ५ टक्क्यांचे अडीच होतात आणि ५९ चे ११९. अर्ज लिहिताना हा दुसरा आकडा धरा.

आणि साठ ठिकाणचा एकेक प्राणी मागू नका. विषाणू वस्तीवस्तीने राहतो. एका शिवारात वीस टक्के प्राण्यांत असेल आणि शेजारच्या शिवारात शून्य. एकाच जागी, एकाच मोसमात पकडलेल्या वयात आलेल्या प्राण्यांचे तीन-चार मोठे गट मागा. अगदी लहान पिल्लं शेवटी ठेवा. त्यांना लागण व्हायला वेळच मिळालेला नसतो.

अर्ज आणि परवाने

ऊतीचा तुकडा घेणं म्हणजे नमुन्याचा तेवढा भाग कायमचा संपवणं, हे संग्रहपालाला पक्कं ठाऊक असतं. अर्जात नोंदणी क्रमांकांसह यादी, प्रत्येकी किती मिलिग्रॅम, कोणती चाचणी आणि उरलेलं काय परत येणार हे लिहा. २० ते २५ मिलिग्रॅम पुरतात. तांदळाच्या एका दाण्याएवढा तुकडा. शंभर मिलिग्रॅम मागणाऱ्याला नकार मिळतो, आणि तो रास्तच असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्यांचे नमुने असतील तर वनखात्याची परवानगी लागते. नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी आधी बोला. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी. गोठवलेली ऊती म्हणजे जिवंत विषाणू असू शकणारी ऊती, हे त्या समितीला स्पष्ट सांगा. इथे विषाणू वाढवायचा नाही, त्याचा क्रम तेवढा वाचायचा आहे. मंजुरीही तेवढ्याचीच मागा.

कापाकापी

गोठवलेल्या ट्यूब दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडा. तुकडा वितळू द्यायचा नाही. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आधीच फुटलेल्या असतात, वितळल्याबरोबर आतली आरएनए कापणारी विकरं मोकळी होतात आणि दहा मिनिटांत काम उरकतात. सुक्या बर्फावर धातूची थाळी ठेवा, ब्लेड त्याच थाळीवर गार करा, दाण्याएवढा तुकडा कापून थेट विरघळवण्याच्या द्रावणात टाका. मोठा तुकडा टाकला तर द्रावण आत शिरण्याआधीच मधला भाग वितळतो, आणि मग आरएनए का मिळालं नाही म्हणून किटला दोष दिला जातो.

दर नमुन्याला नवं ब्लेड, नवी पेट्री डिश. चिमटा ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, मग पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये बुडवून घ्या. पण ग्वानिडीन थायोसायनेट असलेल्या विरघळवण्याच्या द्रावणाच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका. त्यातून विषारी वायू निघतात. दोन कचऱ्यांचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे संध्याकाळी दमलेला हातही चुकणार नाही.

दर अकरा नमुन्यांमागे एक कोरी ट्यूब चालवा : तीच द्रावणं, तोच चिमटा, फक्त ऊती नाही. ही ट्यूब पुढे सीक्वेन्सिंगपर्यंत सोबत न्यायची आहे.

आरएनए काढणं

इथेनॉलमधला तुकडा टिपकागदावर टिपून बारीक चिरा. बर्फगार पीबीएसच्या (क्षारांचं बफर द्रावण) १ मिलिलिटरमध्ये पाच मिनिटं, पुन्हा नव्या पीबीएसमध्ये पाच मिनिटं, आणि लगेच विरघळवण्याच्या द्रावणाच्या ६०० मायक्रोलिटरमध्ये. धुणं लांबवायचं नाही. इथेनॉलमध्ये विकरं निपचित पडलेली असतात. पाणी मिळालं की त्यातली काही पुन्हा कामाला लागतात. न धुता घेतलं तर इथेनॉल पुढे सोबत येतं आणि पीसीआर, म्हणजे हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी, अडवतं.

फॉर्मलिनचं नेमकं उलट. तिथे धुणं रात्रभर, पीबीएस दोन-तीनदा बदलत. विकरं केव्हाच मेलेली असतात. आता बांध सोडवायचे असतात. प्रोटीनेज-के घालून ५६ अंशांवर पचवणं आणि मग ८० अंशांवर १५ मिनिटं तापवणं ही मेणात बसवलेल्या कापांच्या किटची नेहमीची रीत. बरणीतल्या जाड ऊतीला प्रोटीनेज-के जास्त वेळ द्यावं लागतं. द्रव गढूळ राहिला तर पचन अपुरं आहे.

मणी घालून घुसळण्याच्या यंत्रात ३० सेकंदांचे दोन फेरे, मध्ये एक मिनिट बर्फात. नंतर स्तंभ, म्हणजे आरएनए पकडून ठेवणारी सिलिकाची छोटी नळी. इथे एक चूक वारंवार होते. बहुतेक साधे सिलिका स्तंभ २०० बेसपेक्षा छोटे तुकडे वाहून जाऊ देतात. ताज्या ऊतीत तो फायदा आहे. जुन्या ऊतीत तुमचा विषाणू त्याच छोट्या तुकड्यांत असतो. द्रवाच्या दीडपट शुद्ध इथेनॉल घातलं की छोटे तुकडेही स्तंभाला चिकटतात. स्तंभावरच डीएनेज (डीएनए कापणारं विकर) द्या, आणि ३० ते ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवा.

दर्जा पाहायला आरआयएन, म्हणजे आरएनए किती शाबूत आहे ते सांगणारा नेहमीचा आकडा, निरुपयोगी आहे, जुन्या नमुन्यात तो दोनच्या आसपास घुटमळतो. २०० बेसपेक्षा लांब तुकड्यांचं प्रमाण किती ते पाहा. त्याहून चांगली कसोटी म्हणजे प्राण्याच्याच एखाद्या जनुकाचं, जसं अ‍ॅक्टिनचं, आरटी-पीसीआर (आधी आरटी विकराने आरएनएवरून डीएनए बनवून मग पीसीआर) दोन लांबींवर करणं : १५० बेस आणि ४०० बेस. प्रायमर इंट्रॉनच्या (डीएनएत असलेला, पण तयार आरएनएतून गळणारा भाग) दोन बाजूंना बसणारे घ्या, नाहीतर डीएनएच उजळेल आणि आरएनए आहे असं वाटेल. दोन्ही मिळाले तर हंताविषाणूची नेहमीची चाचणी चालेल. फक्त १५० मिळालं तर छोट्या तुकड्यांचे प्रायमर लागतील. काहीच नाही मिळालं तर तो नमुना ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘तपासता आला नाही’ या रकान्यात जातो. हा दुसरा रकाना नसलेले तक्ते वाचायच्या लायकीचे नसतात.

पीसीआर

हंताविषाणूचा जीनोम तीन तुकड्यांत असतो : एस, एम आणि एल. तिन्हींची टोकं सारखी, म्हणून टी-ए-जी, टी-ए-जी, टी-ए-जी, ए-सी-टी-सी-सी हा चौदा अक्षरी प्रायमर सीडीएनए (आरएनएवरून बनवलेलं डीएनए) बनवताना तिन्हींवर बसतो. पण तुटलेल्या आरएनएत टोकंच गायब असतात, म्हणून त्याच्यासोबत सहा अक्षरी यादृच्छिक प्रायमरही घाला.

पहिली चाळणी एल तुकड्यावर, कारण त्यात पॉलिमरेजचं जनुक आहे आणि दूरच्या नातेवाइकांतही ते सर्वांत कमी बदललेलं असतं. सुमारे ४०० बेसचा भाग, दोन फेऱ्यांची नेस्टेड पीसीआर (दुसरी फेरी पहिल्या फेरीच्या तुकड्याच्या आतल्या भागावर), संदिग्ध अक्षरांचे, म्हणजे काही जागी एकाहून जास्त अक्षरं चालणारे, प्रायमर. अनोळखी विषाणूसाठी तापमान सैल ठेवावं लागतं. चालणारा क्रम असा : ९४ अंशांवर ५ मिनिटं, मग प्रायमर जोडणीचं तापमान ४८ वरून दोन-दोन अंशांनी ३८ पर्यंत, दर पायरीला दोन चक्रं, मग ४२ अंशांवर ३२ चक्रं. प्रत्येक चक्रात ९४ अंशांवर ४० सेकंद, जोडणी ४० सेकंद, ६८ अंशांवर १ मिनिट. इतक्या सैल तापमानात प्राण्याचंच काहीबाही वाढतं आणि जेलवर शिडी दिसते. योग्य लांबीचा पट्टा कापून, दोन्ही दिशांनी सँगर सीक्वेन्सिंग करा. पट्टा दिसला म्हणून विषाणू मिळाला असं नाही. सैल तापमानातले बरेच पट्टे प्राण्याचेच निघतात.

नेस्टेड पीसीआरची दुसरी फेरी ही प्रदूषणाची खाण आहे. पहिल्या फेरीची ट्यूब उघडली की त्यातले अब्जावधी तुकडे हवेत. म्हणून खोल्या तीन : द्रावणं मिसळण्याची, आरएनए घालण्याची आणि पहिल्या फेरीची ट्यूब उघडण्याची. माणूस दिवसभरात याच क्रमाने पुढे जातो, मागे येत नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून खरा विषाणू वापरू नका. मध्ये वीस-तीस बेसची ओळखखूण घातलेला कृत्रिम तुकडा बनवून घ्या, म्हणजे तो कुठे सांडला तर सीक्वेन्स पाहताच कळेल.

सरसकट सीक्वेन्सिंग

कोणत्या गटाचा विषाणू हेच ठाऊक नसेल तर मेटाजीनोमिक्स, म्हणजे नमुन्यातलं सगळंच आरएनए वाचणं. रायबोसोमचं आरएनए वजा करा, नाहीतर नव्वद टक्के पैसे त्यावर जातील. नमुन्यागणिक २ ते ५ कोटी जोड-रीड्स (दोन्ही टोकांकडून वाचलेले छोटे तुकडे). प्राण्याच्या जीनोमशी जुळणारे बाजूला काढा, उरलेले मेगाहिट किंवा स्पेड्स या संगणक प्रणालीने जोडा आणि डायमंड या प्रणालीने प्रथिनांच्या पातळीवर ज्ञात विषाणूंशी जुळवा. नवा विषाणू बेसच्या पातळीवर बहुधा कशाशीच जुळत नाही. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे, अनोखे इंडेक्स (नमुना ओळखण्याच्या अक्षरखुणा) वापरा. नाहीतर एका भरगच्च नमुन्यातले रीड्स शेजारच्या नमुन्यांत झिरपतात आणि एक बाधित प्राणी सहा होतात.

खोटे विषाणू

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. २००६ साली माणसाच्या प्रोस्टेट गाठींत एक्सएमआरव्ही नावाचा रेट्रोविषाणू जाहीर झाला, २००९ साली तो थकव्याच्या आजाराशी जोडला गेला आणि २०११ साली तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. मुळात ते उंदराचं प्रदूषण होतं. २०१३ साली यकृतदाहाच्या रुग्णांत सापडलेला एक ‘नवा’ पार्व्होसारखा विषाणू थेट सिलिका स्तंभांतून आलेला निघाला. म्हणून कोऱ्या ट्यूब सीक्वेन्सिंगपर्यंत न्यायच्या, आणि त्यात जे काही सापडेल ते सगळ्या नमुन्यांतून वजा करायचं.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे प्राण्याच्या जीनोममध्ये लाखो वर्षांपूर्वी अडकलेले विषाणूंचे अवशेष. बोर्नाविषाणू आणि फायलोविषाणूंसारखे तुकडे अनेक सस्तन प्राण्यांत आहेत, त्यात चिचुंद्र्यांचे भाईबंदही आले. ओळखायचं कसं? आरटी विकर न घालता तीच पीसीआर करा. तरीही पट्टा आला तर तो डीएनए आहे. सीक्वेन्समध्ये मधूनमधून थांबा-कोडॉन (प्रथिन तिथेच तोडणाऱ्या खुणा) असतील तर जवळपास खात्रीच.

तिसरा प्रकार पोटातला. चिचुंद्री किडे खाते, किड्यांचे विषाणू तिच्या आतड्यात सापडणारच. फुप्फुसात किंवा मूत्रपिंडात तोच विषाणू नसेल, तर तो चिचुंद्रीचा म्हणू नका.

चौथी गोष्ट विषाणूची नाही, अक्षरांची. जुन्या ऊतींत सी चा टी होतो, विशेषतः फॉर्मलिनमध्ये. एकाच पीसीआरवरून काढलेल्या क्रमात असे चार-पाच खोटे बदल सहज राहतात. दोन वेगळ्या सीडीएनएंवरून दोनदा वाचा. जे बदल दोन्हींत आहेत तेच खरे.

नंतर पहिल्यापासून सगळं पुन्हा : मूळ ऊतीचा नवा तुकडा, नवा दिवस, शक्य असेल तर दुसरी इमारत. पुन्हा तोच क्रम मिळाला तरच पुढे जा.

प्राणी तोच आहे ना?

छोट्या चिचुंद्र्या दिसायला इतक्या सारख्या असतात की लेबलावरचं नाव चुकणं नित्याचं आहे. विषाणू मिळालेल्या प्रत्येक प्राण्याचं सायटोक्रोम-बी जनुक (यावरून जात ओळखतात), पूर्ण १,१४० बेस, वाचा. फॉर्मलिनमधल्या ऊतीत छोटे तुकडे वाचून ते जोडा. निकाल लेबलाशी जुळला नाही तर संग्रहपालाला सांगा आणि कवटी तपासून घ्या. संग्रहालयाच्या नमुन्याचं खरं मोल इथे कळतं : नुसती ऊतीची ट्यूब असती तर कवटी कुठून आणली असती?

एक बाधित प्राणी पुरावा म्हणून तोकडा. तो विषाणू दुसऱ्याच जातीचा असून या एका प्राण्याला ओझरता लागलेला असू शकतो. त्याच जातीच्या दोन-तीन प्राण्यांत, निदान दोन ठिकाणी, तो मिळाला तर यजमान म्हणून नाव घ्या.

नाव देण्याची घाई नको. चारशे बेसवरून कुळातली जागा साधारण कळते, जात ठरत नाही. आयसीटीव्ही या विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीला हंताविषाणूची नवी जात मान्य करायला निदान एस आणि एम तुकड्यांचे पूर्ण कोडिंग क्रम लागतात. थोट्टापलायम आणि कोरियातला इम्जिन या दोघांचा मिळून आता थॉटिमव्हायरस हा स्वतंत्र वंश आहे. ठिकाणावरून नाव देणार असाल तर तिथल्या माणसांना विचारा. १९९३ चा विषाणू आधी फोर कॉर्नर्स, मग मुएर्तो कॅन्यन म्हणवला गेला. लोकांनी हरकत घेतल्यावर शेवटी त्याचं नाव स्पॅनिशमध्ये ‘बिननावाचा’ असं पडलं, सिन नोम्ब्रे. आणि वार्ताहरांशी बोलताना पहिलं वाक्य हे ठेवा, की प्राण्यात विषाणूचा क्रम मिळणं आणि त्याने माणसाला आजार होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

परतावा

जेनबँकेत, म्हणजे जनुकीय क्रमांच्या खुल्या सार्वजनिक संग्रहात, क्रम टाकताना नमुन्याच्या रकान्यात संग्रहालयाचं संक्षिप्त नाव आणि नोंदणी क्रमांक जसाच्या तसा लिहा. मिळालेले जेनबँक क्रमांक संग्रहपालाला पाठवा, म्हणजे ते मूळ नोंदीला जोडले जातील. उरलेली ऊती आणि निम्मं आरएनए परत करा. सोबतच्या चिठ्ठीवर, पेन्सिलने किंवा अल्कोहोलला न फिटणाऱ्या शाईने, इतकं हवं : तारीख, कोणत्या अवयवातून किती मिलिग्रॅम घेतले, तुकडा किती वेळा वितळला, कोणत्या विषाणूसाठी तपासला आणि निकाल काय. निकाल ‘काही नाही’ असला तरी चिठ्ठी ट्यूबसोबतच जाते. दहा वर्षांनी दुसरं कुणी त्याच यकृताचा दाणा मागेल, तेव्हा संग्रहपाल आधी तीच वाचतील.